माउंट का होत नाही? लिनक्स कर्नेल नेमकं कुठे अडतं ते शोधताना

लिनक्सवर डिस्क जोडताना एक ठरावीक तक्रार वारंवार दिसते: 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक, मिसिंग कोडपेज ऑर हेल्पर प्रोग्रॅम, ऑर अदर एरर'. म्हणजे फाइल सिस्टमचा प्रकार चुकलाय, किंवा एखादा पर्याय चुकलाय, किंवा सुपरब्लॉक (फाइल सिस्टमची मूळ माहिती ठेवणारा तुकडा) बिघडलाय, किंवा कोडपेज (अक्षरांचा तक्ता) सापडत नाही, किंवा मदतीचा प्रोग्रॅम नाही, किंवा आणखी काहीतरी. नवा माणूस यातलं 'सुपरब्लॉक बिघडलाय' एवढंच वाचतो, घाबरतो आणि थेट 'एफएससीके' (फाइल सिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवतो. धडधाकट डिस्कचं नुकसान बऱ्याचदा इथूनच सुरू होतं.

ते वाक्य कर्नेलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, लिहिलेलंच नसतं. कर्नेलनं फक्त एक आकडा परत दिलेला असतो, २२. प्रोग्रॅमरांच्या भाषेत 'ईइनव्हॅल', म्हणजे 'दिलेली माहिती मला मान्य नाही'. का मान्य नाही ते त्या आकड्यात मावत नाही. मग 'माउंट' ही कमांड त्या आकड्यामागे असू शकणाऱ्या सगळ्या शक्यता एका ओळीत लिहून मोकळी होते. तो शक्यतांचा ढीग आहे, निदान नव्हे. निदान कर्नेलच्या लॉगमध्ये असतं आणि ते वाचायला 'डीमेसेज' किंवा 'जर्नलसीटीएल -के' चालवावं लागतं (अनेक वितरणांत 'सुडो' लावून). माउंट फसल्यावर पहिली कमांड हीच असली पाहिजे, दुसरी कुठलीही नाही. दुरुस्तीची साधनं हातात घेण्याआधी कर्नेल कुठल्या पायरीवर थांबलं हे कळायलाच हवं, कारण पायरी बदलली की उपायही पूर्ण बदलतो. एका पायरीवरचा उपाय दुसऱ्या पायरीवर वापरला तर तोच अपघात ठरतो.

कर्नेलकडे आपण नेमकं काय मागतो

युनिक्समध्ये सुरुवातीपासून एकच झाड आहे. विंडोजसारखे सी, डी, ई असे वेगळे ड्राइव्ह नाहीत. नवी डिस्क आली की ती त्या झाडावरच्या एखाद्या डिरेक्टरीवर बसवायची, यालाच माउंट म्हणतात. बेल लॅब्जमधल्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतही ही सोय होती.

कर्नेलकडे जाणाऱ्या मागणीत पाच गोष्टी असतात: कुठलं उपकरण, कुठल्या डिरेक्टरीवर, कुठल्या प्रकारची फाइल सिस्टम, कुठले सर्वसाधारण ध्वज (उदाहरणार्थ 'फक्त वाचायचं'), आणि त्या विशिष्ट फाइल सिस्टमसाठीचे पर्याय. यातला 'प्रकार' कर्नेल स्वतः ओळखत नाही. आपण प्रकार लिहिला नाही तर 'माउंट' कमांडच 'लिबबीएलकेआयडी' या लायब्ररीकडून डिस्कवरच्या खुणा वाचून घेते आणि उत्तर कर्नेलपुढे ठेवते. ईएक्सटी४ चा सुपरब्लॉक पार्टिशनच्या सुरुवातीपासून १,०२४ बाइट सोडून लिहिलेला असतो आणि त्यात 'ईएफ५३' ही सोळा-अंकी पद्धतीतली खूण असते. एक्सएफएसची 'एक्सएफएसबी' ही अक्षरं अगदी सुरुवातीलाच असतात. बीटीआरएफएसचा सुपरब्लॉक ६४ किलोबाइटवर सापडतो.

त्यामुळे पहिला प्रश्न: उपकरणावर खरंच काय लिहिलंय? 'एलएसबीएलके -एफ' चालवा. इथेच निम्मी प्रकरणं सुटतात. कुणी 'एसडीबी१' ऐवजी अख्खी डिस्क 'एसडीबी' दिलेली असते. कुणाच्या पार्टिशनवर 'एलव्हीएम२ मेंबर' किंवा 'क्रिप्टो लक्स' लिहिलेलं दिसतं. त्या फाइल सिस्टम नाहीतच, मधले थर आहेत. आधी व्हॉल्यूम सक्रिय करायचा किंवा कुलूप उघडायचं, मग आत जी फाइल सिस्टम दिसेल ती माउंट करायची. कधी एकाच पार्टिशनवर दोन खुणा असतात, कारण जुनी फाइल सिस्टम नीट न पुसता वर नवी बनवलेली असते. 'वाइपएफएस' ही कमांड कुठलाही पर्याय न देता चालवली तर खुणांची फक्त यादी दाखवते, काही पुसत नाही. तिच्यापुढे पर्याय लावताना मात्र दोनदा विचार करा.

प्रकार कळला, पण कर्नेलला तो येतो का

इथे आकडा बदलतो. २२ ऐवजी १९ येतो आणि पडद्यावर 'अननोन फाइलसिस्टम टाइप' दिसतं. सध्या चालू असलेल्या कर्नेलला कुठले प्रकार येतात ते '/प्रॉक/फाइलसिस्टम्स' मध्ये लिहिलेलं असतं. तिथे नसलेला प्रकार मॉड्यूल (कर्नेलला नंतर जोडता येणारा तुकडा) म्हणून उपलब्ध असला तर कर्नेल तो स्वतः मागवून घेतं.

घोटाळा होतो तो मॉड्यूल मागवताना. समजा सकाळी अपडेटमध्ये नवं कर्नेल बसलं आणि मशीन रीस्टार्ट केलं नाही. काही वितरणं, आर्च हे त्यातलं ठळक नाव, जुन्या कर्नेलच्या मॉड्यूलची डिरेक्टरी त्याच वेळी काढून टाकतात. चालू आहे जुनं कर्नेल, डिस्कवर आहेत नव्याची मॉड्यूल. संध्याकाळी पेनड्राइव्ह लावला की 'व्हीफॅट' ओळखीचा नाही असं उत्तर येतं. पेनड्राइव्ह ठीक असतो, मशीन रीस्टार्ट करायची राहिलेली असते. 'यूनेम -आर' चं उत्तर '/लिब/मॉड्यूल्स' मधल्या नावाशी जुळतं का, एवढं पाहिलं की पुरे.

काही वेळा प्रकार खरोखरच गेलेला असतो. रायझरएफएस ही एकेकाळची गाजलेली फाइल सिस्टम २०२५ च्या जानेवारीत आलेल्या ६.१३ या कर्नेलमधून काढून टाकली गेली. एक्सएफएसचं जुनं, चौथ्या आवृत्तीचं स्वरूपही २०३० च्या सप्टेंबरपर्यंतच ठेवायचं असं कर्नेलच्या दस्तऐवजात लिहिलेलं आहे. कपाटात जुन्या डिस्क ठेवलेल्या असतील तर त्यांचा डेटा वेळेत दुसरीकडे हलवा.

नेटवर्कवरच्या फाइल सिस्टमची गोष्ट थोडी वेगळी. एनएफएस किंवा सीआयएफएस माउंट करायला कर्नेलइतकाच वापरकर्त्याच्या बाजूचा मदतनीस प्रोग्रॅमही लागतो. डेबियन-उबुंटूवर 'एनएफएस-कॉमन' हे पॅकेज बसवलेलं नसेल तर नेमकी तीच सुरुवातीची 'बॅड ऑप्शन'ची ओळ येते आणि लोक पर्यायांची स्पेलिंग तपासत बसतात.

'मिसिंग कोडपेज' या शब्दांचा संबंध मराठीत फाइलनावं ठेवणाऱ्यांशी थेट येतो. व्हीफॅटमध्ये लांब नावं यूटीएफ-१६ मध्ये साठवलेली असतात आणि ती दाखवताना कुठल्या अक्षरसंचात बदलायची हे कर्नेलला सांगावं लागतं. त्या अक्षरसंचाचं मॉड्यूल नसेल तर माउंटच होत नाही, आणि लॉगमध्ये 'आयओ कॅरसेट नॉट फाउंड' अशी स्पष्ट ओळ मिळते. मॉड्यूल आहे पण संच 'आयएसओ ८८५९-१' आहे, तर माउंट होतं, मात्र 'लग्नपत्रिका' नावाच्या फाइलच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. फाइल खराब झालेली नसते. 'यूटीएफ८' हा पर्याय देऊन पुन्हा माउंट करा. 'आयओकॅरसेट=यूटीएफ८' असं लिहिलं तरी नावं दिसतात, पण मग लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक केला जाईल असा इशारा कर्नेल देतं. म्हणून पहिलाच मार्ग बरा.

सुपरब्लॉक वाचला, तरी नकार

आता सगळ्यात रंजक पायरी. ड्रायव्हर आहे, खूण सापडली आहे, सुपरब्लॉक शाबूत आहे, तरीही कर्नेल नाही म्हणतं. अशा वेळी बहुधा ते आपल्या डेटाची राखण करत असतं.

ईएक्सटी कुटुंबाच्या सुपरब्लॉकमध्ये वैशिष्ट्यांच्या तीन याद्या असतात. पहिल्या यादीतलं एखादं वैशिष्ट्य कर्नेलला माहीत नसलं तरी चालतं, माउंट होतं. दुसऱ्या यादीतलं माहीत नसेल तर फक्त वाचायला परवानगी, लिहायला नाही. तिसऱ्या यादीतलं माहीत नसेल तर पूर्ण नकार. मला ही रचना फार आवडते. पुढच्या दहा वर्षांत काय काय नवं येईल हे आज ठाऊक नसताना जुन्या कर्नेलनं नव्या डिस्कशी कसं वागावं, हे तिनं आधीच ठरवून ठेवलं आहे. 'वाचता येतं पण लिहिता येत नाही' अशी डिस्क भेटली तर मधल्या यादीची शंका घ्यायला हरकत नाही.

याचं ताजं उदाहरण २०२३ चं. ईएक्सटी४ ची साधनं ज्या 'ई२एफएसप्रॉग्ज' संचात येतात त्याच्या १.४७.० या आवृत्तीनं नवी फाइल सिस्टम बनवताना दोन वैशिष्ट्यं आपोआप चालू करायला सुरुवात केली: 'मेटाडेटा सीसम सीड' आणि 'ऑर्फन फाइल'. पहिलं तिसऱ्या यादीतलं आहे आणि त्याला ४.४ किंवा त्यापुढचं कर्नेल लागतं. एखाद्या जुन्या उपकरणात त्याआधीचं कर्नेल असेल तर नव्या लॅपटॉपवर फॉरमॅट केलेली डिस्क त्याला चालणार नाही. दुसऱ्याची गंमत और. 'ऑर्फन फाइल' पहिल्या यादीत आहे, म्हणून कर्नेल हरकत घेत नाही. पण 'ई२एफएससीके' हा तपासनीस कर्नेलपेक्षा कडक आहे. त्याला न कळणारं कुठलंही वैशिष्ट्य दिसलं की तो हात लावत नाही. नव्या साधनांनी बनवलेली डिस्क उबुंटू २२.०४ वर नेली तर तिथला १.४६.५ आवृत्तीचा तपासनीस 'फीचर सी१२' समजत नाही म्हणून थांबतो. त्याच मशीनचं ५.१५ कर्नेल मात्र ती डिस्क खुशाल माउंट करू शकतं. म्हणजे हातानं माउंट होते, पण बूट होताना आधी तपासनीस चालतो म्हणून अडते. दोन वेगळे प्रोग्रॅम, दोन वेगळे निर्णय. नव्या आवृत्तीच्या 'ट्यून२एफएस' नं ते वैशिष्ट्य बंद केलं की मामला मिटतो. डिस्क पुन्हा फॉरमॅट करण्याची काहीच गरज नसते.

एक्सएफएसमध्ये असाच एक नकार व्हर्च्युअल मशीन आणि स्नॅपशॉट वापरणाऱ्यांना हमखास भेटतो. सर्व्हरच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढली, ती त्याच मशीनला जोडली, माउंट केली, आणि तीच सुरुवातीची ओळ आली. सुपरब्लॉक बिघडला म्हणावं तर ही ताजी प्रत. लॉग उघडल्यावर एक ओळ दिसते: 'फाइलसिस्टम हॅज डुप्लिकेट यूयूआयडी'. प्रत हुबेहूब असल्यामुळे तिचा ओळख क्रमांकही मूळ डिस्कचाच आहे. माउंट झालेल्या प्रत्येक एक्सएफएसचा क्रमांक कर्नेल स्मृतीत ठेवतं. एकाच गट नंबरचे दोन सातबारे समोर आले की तलाठ्यानं फेरफार थांबवावा, तसं ते दुसऱ्या डिस्कला थांबवतं. प्रतीतून चार फाइली काढायच्या असतील तर 'नोयूयूआयडी' आणि 'फक्त वाचायचं' हे दोन पर्याय देऊन माउंट करा. प्रत कायम वापरायची असेल तर ती माउंट नसताना 'एक्सएफएस अ‍ॅडमिन' नं तिला नवा क्रमांक द्या. या जागी 'एक्सएफएस रिपेअर' चालवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, दुरुस्त करण्यासारखं तिथे काही नाही.

तिसरा नकार जर्नलचा. वीज गेली की अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद जर्नलमध्ये असते आणि पुढच्या माउंटच्या वेळी कर्नेल ती पूर्ण करतं. 'फक्त वाचायचं' म्हणून माउंट केलं तरीही ईएक्सटी४ हे काम करतं, म्हणजे डिस्कवर लिहितं. पुष्कळ अनुभवी लोकांनाही हे ठाऊक नसतं, आणि पुराव्याची किंवा मरायला टेकलेली डिस्क हाताळताना ते ठाऊक असणं फार महत्त्वाचं आहे. डिस्क खरोखर लिहिण्यापासून रोखलेली असेल तर कर्नेलला जर्नल पूर्ण करता येत नाही आणि माउंट फसतं. तेव्हा ईएक्सटी४ ला 'आरओ' सोबत 'नोलोड' आणि एक्सएफएसला 'आरओ' सोबत 'नोरिकव्हरी' द्यायचं. जे दिसेल ते थोडं विसंगत असू शकतं, पण मूळ डिस्कला धक्का लागत नाही.

एक्सएफएसच्या दुरुस्तीतही हीच मेख आहे. लॉग (एक्सएफएसचं जर्नल, कर्नेलचा लॉग नव्हे) अर्धवट असेल तर 'एक्सएफएस रिपेअर' काम करायला नकार देतं आणि आधी एकदा माउंट करून या असं सांगतं. 'माउंट होत नाही म्हणून तर दुरुस्ती करतोय' अशा चिडीत लोक '-एल' देतात. त्यानं लॉग पुसला जातो आणि अगदी अलीकडचे बदल कायमचे जातात. तो शेवटचा उपाय आहे, आणि त्याआधी डिस्कची प्रत हवीच.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांची अडचणही याच जातीची. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपली गाभ्याची स्थिती डिस्कवर ठेवून झोपतं. त्याच्या लेखी ते एनटीएफएस पार्टिशन अजून वापरात आहे. लिनक्समधून त्यात लिहिलं आणि जागं झालेल्या विंडोजनं जुन्या आठवणीवर विसंबून पुन्हा लिहिलं, तर फाइली जातील. २०२१ मध्ये ५.१५ कर्नेलसोबत आलेला 'एनटीएफएस३' ड्रायव्हर अशा पार्टिशनवर 'डर्टी' अशी खूण दिसली की लिहिण्यासाठी माउंट करत नाही आणि 'फोर्स' पर्याय दिलेला नाही असं लॉगमध्ये लिहितो. त्या ओळीचा अर्थ 'फोर्स द्या' असा घेऊ नका. विंडोजमध्ये जा, चेकडिस्क चालवा, फास्ट स्टार्टअप बंद करा आणि मग लिनक्समध्ये या.

लॉगमध्ये 'आयओ एरर' किंवा 'मीडियम एरर' दिसलं तर वरचं सगळं बाजूला ठेवा. डिस्कच जातेय. 'एफएससीके' भरपूर वाचतं आणि लिहितं, मरणाऱ्या डिस्कला ते सोसत नाही. 'डीडीरेस्क्यू' नं आधी प्रत काढा आणि काय प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर करा.

माउंट झालं म्हणे, पण दिसत नाही

कमांडनं काही तक्रार केली नाही, परत आलेला आकडा शून्य, आणि डिरेक्टरी रिकामी. या प्रकारानं माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो, कारण वाचायला एरर नसतेच.

पहिलं कारण सिस्टमडी, म्हणजे बूट आणि सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम. 'एफएसटॅब' या माउंटची यादी असलेल्या फाइलमधल्या प्रत्येक ओळीपासून सिस्टमडी स्वतःचं एक माउंट युनिट तयार करतं आणि ते ठरावीक उपकरणाशी बांधून ठेवतं. समजा जुनी डिस्क काढली, नवी लावली, एफएसटॅबमध्ये नवा यूयूआयडी लिहिला आणि माउंट केलं. कर्नेलनं माउंट केलंही. पण सिस्टमडीकडे अजून जुनंच युनिट आहे आणि ते ज्याला बांधलं आहे ते उपकरण जागेवर नाही. सिस्टमडीच्या नियमाप्रमाणे उपकरण नाही तर माउंटही नाही, म्हणून ते लगेच काढून टाकतं. हे इतक्या झटकन होतं की आपल्याला वाटतं माउंट झालंच नाही. लॉगमध्ये मात्र 'बाउंड टू इनअ‍ॅक्टिव्ह युनिट' अशी ओळ पडलेली असते. उपाय एका कमांडचा: 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड'. एफएसटॅब बदलली की ती दरवेळी चालवावी. अलीकडची 'माउंट' कमांड तशी आठवणही करून देते.

दुसरं कारण खोल आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. लिनक्समध्ये सगळ्यांना एकच झाड दिसतं हे आता खरं राहिलेलं नाही. २००२ मध्ये, २.४.१९ या कर्नेलमध्ये, माउंट नेमस्पेस आल्या. प्रत्येक नेमस्पेसची माउंटची यादी वेगळी असते. कंटेनर (प्रोग्रॅमला स्वतःचं वेगळं झाड देऊन चालवायची सोय) चालतात ते याच जोरावर, पण कंटेनर न वापरणाऱ्या मशीनवरही अनेक सेवा आपापल्या नेमस्पेसमध्ये चालत असतात. सेवेच्या फाइलमध्ये 'प्रायव्हेटटीएमपी' किंवा 'प्रोटेक्टसिस्टम' लिहिलेलं असलं की तिला वेगळी यादी मिळते.

उपकरण जोडलं की नियम चालवणाऱ्या 'यूडेव्ह' चंही तेच. पेनड्राइव्ह लावल्यावर आपोआप माउंट व्हावा म्हणून यूडेव्हच्या नियमात 'माउंट' कमांड लिहिण्याचा सल्ला अजूनही फिरत असतो. नियम चालतो, माउंट होतं, पण यूडेव्हच्या खासगी नेमस्पेसमध्ये. आपल्या टर्मिनलवर काहीच दिसत नाही. त्याऐवजी 'सिस्टमडी-माउंट' वापरा, ते काम मुख्य नेमस्पेसमध्ये होतं.

एका नेमस्पेसमधलं माउंट दुसरीत पोचावं की नाही, हे त्या माउंटच्या प्रसाराच्या स्वभावावर ठरतं. ही सोय २००६ च्या सुरुवातीला २.६.१५ मध्ये आली. 'शेअर्ड' असेल तर दोन्हीकडून पोचतं, 'स्लेव्ह' असेल तर एकाच दिशेनं येतं, 'प्रायव्हेट' असेल तर पोचत नाही. कर्नेलचा मूळ स्वभाव प्रायव्हेट आहे, पण सिस्टमडी बूट होताना मूळ झाड शेअर्ड करतं. कंटेनर चालवणारा डॉकर मात्र कंटेनरला दिलेली डिरेक्टरी मुळात प्रायव्हेट ठेवतो. म्हणून कंटेनर चालू झाल्यानंतर त्या डिरेक्टरीच्या पोटात यजमान मशीनवर नवी डिस्क माउंट केली तर कंटेनरला तिथे जुनी, रिकामी डिरेक्टरीच दिसत राहते. कंटेनर सुरू करताना प्रसार 'आरस्लेव्ह' ठेवला की नवी डिस्क आत दिसते.

हे सगळं '/प्रॉक/सेल्फ/माउंटइन्फो' मध्ये लिहिलेलं असतं. 'सेल्फ' च्या जागी एखाद्या प्रोसेसचा क्रमांक घातला की त्या प्रोसेसला कुठलं झाड दिसतं ते कळतं. सेवेला फाइल सापडत नाही आणि आपल्याला समोर दिसते, अशा वादात मी सगळ्यात आधी या दोन फाइली शेजारी ठेवून बघायला सांगेन. तिथे आणखी एक गोष्ट कळते. प्रत्येक ओळीत पर्यायांचे दोन गट असतात, पहिला त्या जागेपुरता आणि शेवटचा अख्ख्या फाइल सिस्टमचा. एकच फाइल सिस्टम एका डिरेक्टरीवर लिहिता येईल अशी आणि दुसऱ्या डिरेक्टरीवर फक्त वाचता येईल अशी बसवता येते. त्यामुळे 'रीड-ओन्ली' एरर आली की आधी कुठल्या गटात 'आरओ' आहे ते पाहा. शेवटच्या गटात असेल तर ते सगळ्यांनाच लागू आहे, आणि अशा वेळी कर्नेलला डिस्कवर चूक सापडून त्यानं स्वतःच लिहिणं थांबवलं का हे लॉगमध्ये शोधायला हवं.

उलटही घडतं. ज्या डिरेक्टरीत आधीपासून फाइली आहेत तिच्यावर माउंट केलं तर त्या फाइली झाकल्या जातात, पुसल्या जात नाहीत. एखाद्या रात्री बॅकअपची डिस्क माउंट झाली नाही, बॅकअप मूळ डिस्कवरच लिहिला गेला, सकाळी कुणीतरी डिस्क माउंट केली. आता 'डीएफ' सांगतं मूळ डिस्क भरली आणि 'डीयू' ला जड असं काही सापडत नाही. मूळ झाड दुसऱ्या एखाद्या डिरेक्टरीवर बाइंड माउंट करून (म्हणजे तेच झाड तिथेही बसवून) आत बघा, झाकलेल्या फाइली तिथे दिसतात.

काढताना 'बिझी'

माउंट काढताना येणारा आकडा १६. कुणीतरी अजून आत आहे. 'फ्यूजर -व्हीएम' किंवा 'एलएसओएफ' नं कुठली प्रोसेस ते कळतं. बहुतेक वेळा ती दुसऱ्या टर्मिनलवर त्याच डिरेक्टरीत उभी असलेली शेलच असते. यादी रिकामी आली तर कर्नेल स्वतः धरून बसलेल्या गोष्टी तपासा: त्या डिस्कवरची स्वॅप फाइल, लूप उपकरण म्हणून जोडलेली इमेज, एनएफएसनं बाहेर दिलेली डिरेक्टरी, किंवा आतच बसवलेलं दुसरं माउंट. आणि 'यूमाउंट' यशस्वी होऊनही फॉरमॅट करताना उपकरण वापरात आहे असं आलं, तर दुसऱ्या नेमस्पेसमध्ये ते अजून माउंट आहे. सगळ्या प्रोसेसच्या माउंटइन्फो फाइलींत त्याचं नाव शोधा.

'यूमाउंट -एल' टाळा. ते झाडावरून फांदी लपवतं, आतलं काम चालूच राहतं. पेनड्राइव्ह सुरक्षित झाला असं समजून तो उपटला तर लिहिणं मध्येच तुटतं.

एनएफएसचा सर्व्हर गेला असेल तर 'डीएफ' आणि 'एलएस' दोन्ही लटकतात, कारण ते फाइल सिस्टमला प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. 'फाइंडएमएनटी' नुसती चालवली तर फक्त कर्नेलची यादी वाचते, म्हणून ती लटकत नाही. अशा प्रसंगी हातात तीच असू द्या.

बूट होतानाच अडलं तर

'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक' या ओळीनंतर कंसात दोन आकडे असतात, ते वाचा. (०,०) असेल तर कर्नेलला डिस्क दिसलेलीच नाही. बूटच्या सुरुवातीला लोड होणारी इनिटरामएफएस इमेज तयार झाली नाही किंवा तिच्यात डिस्कचा ड्रायव्हर नाही. बूट मेनूतून आधीचं कर्नेल निवडा, आत जा आणि इमेज पुन्हा बनवा. (८,१) असे खरे आकडे असतील तर डिस्क दिसली आहे आणि पुढच्या पायरीवर, बहुधा फाइल सिस्टमच्या ड्रायव्हरवर, गाडी अडली आहे.

बूट दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोडमध्ये गेलं तर कारण बहुधा एफएसटॅबमध्ये असतं. सिस्टमडी हरवलेल्या उपकरणाची मुळात ९० सेकंद वाट बघतं. ज्या डिस्कशिवाय मशीन चालू शकतं तिच्या ओळीत 'नोफेल' लिहून ठेवा. एफएसटॅब बदलल्यावर 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवलं तर चुका रीस्टार्टच्या आधीच कळतात.

एकाच आकड्याची अडचण सुटतेय

इतकी शोधाशोध करावी लागते ती कर्नेलला उत्तरात एकच आकडा देता येतो म्हणून. कर्नेलच्या लोकांनाही ते खटकत होतं. २०१९ मध्ये ५.२ या कर्नेलमध्ये डेव्हिड हॉवेल्स यांनी माउंटची नवी पद्धत आणली. तिच्यात सगळं एका दमात मागायचं नसतं. 'एफएसओपन' नं आधी संदर्भ उघडायचा, 'एफएसकॉन्फिग' नं एकेक पर्याय द्यायचा, 'एफएसमाउंट' नं त्यातून माउंट तयार करायचं आणि 'मूव्ह माउंट' नं ते झाडावर बसवायचं. कुठला पर्याय नाकारला ते त्याच क्षणी कळतं, आणि फाइल सिस्टमनं लिहिलेला संदेश त्याच संदर्भातून वाचता येतो. 'माउंट' कमांड ज्या संचात येते तो 'यूटिल-लिनक्स' २०२३ मधल्या २.३९ आवृत्तीपासून ही पद्धत वापरू लागला.

याचा एक परिणाम शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. प्रोग्रॅम कर्नेलकडे काय मागतो ते दाखवणारं 'एसट्रेस' लावून फक्त 'माउंट' हा जुना सिस्टम कॉल पाहिला तर नव्या मशीनवर काहीच सापडणार नाही. वरची चारही नावं त्यात घाला. ज्या कॉलपुढे एरर दिसेल, तीच तुमची अडलेली पायरी. 'एफएसकॉन्फिग' च्या ओळीत तर नाकारलेल्या पर्यायाचं नावही छापलेलं असतं.